राजापूर ड्रॉप

भाड्याच्या गाडीचे कागद घेऊन लोक गुणाजी मांडवकरांकडे येतात. जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडीच्या मागच्या बाजूला त्यांची बारा मजली इमारत आहे. तळमजल्यावर लिफ्टसमोर सिमेंटचा बाक आहे आणि सकाळी साडेदहा ते बारा गुणाजी तिथे हमखास सापडतात. लग्नाचं वऱ्हाड असो, ऑफिसची सहल असो, कुणाच्या आजोबांना कुलदैवताला न्यायचं असो, गाडी ठरवण्याआधी तिचा कागद बाकावरून पुढे जातो.

याला कारण आहे. मरोळच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या यार्डात त्यांनी एकतीस वर्षं काढली. सुरुवात गाड्या धुण्यापासून झाली आणि शेवट ड्युटी स्लिपच्या टेबलावर. ड्युटी स्लिप म्हणजे गाडी बाहेर पडताना ड्रायव्हरच्या हाती द्यायचा कागद. कुणाला कुठून उचलायचं, कुठे सोडायचं, निघताना मीटर किती होतं, हे सगळं त्यावर असतं. गिऱ्हाईक आणि ड्रायव्हर यांची बहुतेक भांडणं त्या कागदावर जे लिहिलेलं नसतं त्यावरून होतात, हे गुणाजींचं एकतीस वर्षांचं निरीक्षण.

गेल्या फेब्रुवारीत अकराव्या मजल्यावरची रेवती फोन घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. ती अंधेरीला एका विमा कंपनीत आहे.

"काका, हे बघा ना जरा. अलिबागला जायचंय, एका दिवसाचं. बारा जण आहोत."

गुणाजींनी फोन हातभर लांब धरला. "बारा सीटर सांगितलीय. बारा अधिक एक, की अकरा अधिक एक?"

"अधिक एक म्हणजे?"

"ड्रायव्हर. त्याला काय टपावर बसवणार?"

रेवती हसली. "आणि हे गॅरेज टू गॅरेज?"

"गाडी आपल्या दारात आली की आपल्याला वाटतं प्रवास सुरू झाला. मीटर तसं समजत नाही. गाडी जिथे रात्री उभी असते तिथून निघाली की तुमचं चालू, परत तिथे जाऊन उभी राहिली की तुमचं बंद. कुठे उभी असते, विचारलंस?"

"गोरेगावचा आहे तो."

"तो गोरेगावचा. गाडी भिवंडीला उभी असली म्हणजे?"

रेवतीने फोनवर काहीतरी टिपून घेतलं. पुढे 'किमान तीनशे' आलं. फिरा कितीही, दिवसाला तीनशे किलोमीटर धरणारच.

"पण अलिबाग जाऊन-येऊन सव्वादोनशेच होतं, काका."

"मग काशीदपर्यंत जाऊन या. सोडताय कशाला?"

शेवटी 'कॅलेंडर डे'. हा शब्द गुणाजी सगळ्यांना दोनदा समजावतात, कारण सगळे त्यातच अडकतात. गाडीचा दिवस रात्री बारा ते बारा. शुक्रवारी रात्री अकराला निघालात तर तो एक तास म्हणजे अख्खा शुक्रवार.

"ही तर लूट झाली!"

"लूट नाही. आधी सांगितलंय ना कागदावर? तू वाचलं नाहीस, एवढंच. पहाटे साडेचारला निघा. आणि ड्रायव्हर दुपारी कुठे झोपणार ते विचारून ठेव. तुम्ही समुद्रात खेळणार, तो परत येताना डुलक्या घेणार, असं नको."

"काका, तुम्ही क्लास काढा, खरंच. झकास चालेल."

भाजी घेऊन आत शिरणाऱ्या गुणाजींच्या बायकोने, रुक्मिणीबाईंनी, हे ऐकलं. लिफ्टचं बटण दाबत त्या म्हणाल्या, "काढा, काढा. घरात कोथिंबीर आणायचं तीनदा सांगावं लागतं. लोकांच्या गाड्या मात्र तोंडपाठ."

गुणाजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते तेव्हा मनातल्या मनात स्वतःचीच एक गाडी ठरवत होते.

ती गाडी माणिकबायसाठी होती. माणिकबाय म्हणजे गुणाजींची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, राहणार बोरीवली, मुलगा सुयोगकडे. आधी दोन वर्षं साथीत गेली, मग यजमान गेले, मग गुडघा गेला. सहा शिमगे झाले, तिने माहेरच्या अंगणात पालखी पाहिली नव्हती. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि वाडीवाडीने, घरोघर फिरते. अंगणात आली की घरच्या बाईने, मग ती सवाष्ण असो वा नसो, देवीची ओटी भरायची. पालखी कुणासाठी थांबत नाही आणि मागे वळत नाही. चुकली की पुढच्या वर्षी. गावात घर उघडून झाडून ठेवायला चुलतभाऊ मधुकर होता, ओटी त्याची बायको भरायची. सगळं रीतीने होत होतं, फक्त माणिकबाय बोरीवलीत असायची.

डिसेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फेब्रुवारीत तिने भावाला फोन केला.

"गुण्या, यंदा मला न्यायचं हाय की नाय ते सांग. पुढल्या वर्साचं मला सांगू नको. पुढलं वर्स कोणी बघितलंय?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टराला काय इचारतोस? मी काय त्याच्या गावाला चाललीय?"

डॉक्टरांनी सुयोगला सांगितलं होतं की पाय सरळ ठेवता आला तर जायला हरकत नाही. म्हणजे रेल्वे नाही, एसटी नाही. दोन सीटवर पाय आडवा टाकता येईल अशी गाडीच हवी. "आणतो बाय," गुणाजी म्हणाले, "पालखीच्या आधी तुला अंगणात बसवतो." त्यांनी आयुष्यात फार कमी शब्द दिले होते. यार्डात ते दुसऱ्याने दिलेले शब्द लिहून घेत.

गाडी गोरेगावच्या नंदकुमारकडे ठरवली. मरोळला गुणाजींच्या हाताखाली शिकलेला हा माणूस आता स्वतःच्या सहा गाड्या चालवतो. गुणाजींनी त्याला सोडलं नाही. नंबरप्लेट पिवळी हवी, म्हणजे भाड्याची परवानगी असलेलीच गाडी. दाराची पायरी खाली हवी. मागची सीट अखंड हवी. वाडीतले मुंबईला असलेले आणखी पाच जण बरोबर येणार होते. माणसं मोजून झाली, सामान मोजून झालं.

"जाऊन-येऊन, की ड्रॉप?" नंदकुमारने विचारलं. ड्रॉप म्हणजे एकेरी. माणसं सोडली की गाडी मोकळी.

"ड्रॉप. आम्ही मे महिन्यापर्यंत राहणार. पण तुझी गाडी रिकामी परत येणार ना?"

"नाही काका, तिकडून मुलुंडची एक पार्टी आहे त्याच दिवशी, चार वाजता. म्हणून तर ड्रॉप देतोय. लिहू?"

"लिही. बोरीवली, मग जोगेश्वरी, मग राजापूर."

कागद आला तेव्हा गुणाजींनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. कागदात काही खोट नव्हती.

शिमग्याच्या पाचव्या दिवशी पहाटे पावणेपाचला गाडी बोरीवलीहून जोगेश्वरीला आली. माणिकबाय मागच्या सीटवर उशीला टेकून, पाय लांब करून बसली होती, मांडीवर ओटीची पिशवी. ड्रायव्हर देवदत्त तिशीतला, मुलुंडचा. घाई नाही, हॉर्न नाही. गुणाजी त्याच्या शेजारी बसले आणि नागोठण्यापर्यंत त्यांनी त्याचं चालवणं निरखलं. नंतर ते निर्धास्त झाले. पोलादपूरला नाश्ता झाला. माणिकबायने मिसळ खाल्ली आणि ती तिखट नसल्याची तक्रार केली. सुयोग म्हणाला, "आई, डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय." ती म्हणाली, "म्हणून तर मुंबईच्या बाहेर काढलं मला."

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी देवदत्तने राजापूरच्या एसटी स्टँडजवळ, सावली बघून, गाडी बाजूला घेतली आणि चावी फिरवली.

"चला काका. आलं."

"काय आलं?"

"राजापूर."

गाडीत कुणी हललं नाही. गुणाजी म्हणाले, "अरे, आंबेशिवणला जायचंय. इथून सव्वीस किलोमीटर आत."

देवदत्तने डॅशबोर्डवरचा क्लिपबोर्ड काढून पुढे धरला. ड्युटी स्लिप. ड्रॉप : राजापूर. "काका, मला एवढंच सांगितलंय. सव्वीस जायचं, सव्वीस यायचं, घाटाचा रस्ता. दोन-अडीच तास धरा. चारला इथूनच पार्टी उचलायचीय, आणि मी पहाटे तीनचा उठलोय. मधे तासभर पाठ टेकायची होती."

गुणाजींनी स्लिप हातात घेतली. अशा हजारो स्लिपा त्यांनी लिहिल्या होत्या. ही चूक नंदकुमारची नव्हती, देवदत्तची तर नव्हतीच.

जोगेश्वरीत कुणी "गाव कुठलं?" विचारलं की गुणाजी जन्मापासून "राजापूर" म्हणत आले. आंबेशिवण म्हटलं तर समोरचा विचारणार, "ते कुठे आलं?" मग पुन्हा राजापूरच सांगायचं, त्यापेक्षा आधीच सांगून टाकावं. उपनगरातला सगळा कोकण हेच करतो. कुणी देवरुखचा, कुणी लांज्याचा, कुणी खेडचा, आणि त्यातल्या बहुतेकांनी त्या त्या तालुक्याच्या गावात बाजारहाट नि एसटी बदलणं यापलीकडे काही केलेलं नसतं. नंदकुमारने "कुठे?" विचारलं तेव्हा गुणाजींच्या तोंडून तेच आपोआप गेलं. कागदात ते दोनदा वाचूनही खटकलं नाही, कारण ते त्यांना खोटं वाटतच नव्हतं.

"अहो," रुक्मिणीबाई मागून म्हणाल्या, "जगाला शहाणपण शिकवता आणि स्वतःचं गाव सांगता येत नाही?"

"मामा, कमाल केलीत हां," सुयोग म्हणाला. मग त्याने आईकडे बघितलं.

माणिकबायने पिशवीतला नारळ नीट केला, एवढंच. तेवढ्यात मधुकरचा फोन आला. पालखी वाडीच्या वरच्या टोकाला पोचली होती. पाच-सव्वापाचपर्यंत आपल्या अंगणात. "कुठे आलात?"

"राजापूर," गुणाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हे उत्तर अक्षरशः खरं होतं.

सुयोग रिक्षा बघून आला. दोन उभ्या होत्या, पण रिक्षात पाय सरळ करायला जागा कुठली? शिवाय आतल्या रस्त्याला खडी पसरलेली. सव्वाचारची एसटी सहाला पोचणार. वडापच्या शेअर-जीपगाड्या शिमग्याच्या माणसांनी भरून केव्हाच आत गेल्या होत्या.

देवदत्त अवघडून उभा होता. "काका, मला वाईट वाटतंय. पण ती पार्टी पण म्हातारी माणसं घेऊन..."

"तू बरोबर आहेस," गुणाजी म्हणाले. "तुझ्या जागी मीपण हेच केलं असतं." आणि एवढं बोलून ते थांबले. "ती पार्टी. त्यांची स्लिप दाखव."

दुसरी स्लिप निघाली. यज्ञेश, अकरा माणसं. पिकअप : राजापूर. ड्रॉप : मुलुंड पूर्व.

गुणाजींनी ती वाचली आणि ते हसले. पहाटेपासून पहिल्यांदा. "राजापूर म्हणे! अरे, शिमगा निम्म्यावर असताना मुंबईला परत कोण जाईल? ज्यांच्या वाडीतली पालखी होऊन गेली तेच. आणि पालखी घेणारा माणूस बाजारपेठेत राहतो होय? हापण माझ्यासारखाच आहे. नंबर लाव त्याचा."

देवदत्तने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"हां, देवदत्तभाऊ, निघतोय आम्ही," यज्ञेशचा आवाज घाईतला होता. "राजापूरला चारच्या आत येतो."

"मी गुणाजी मांडवकर बोलतोय. तुमच्याच गाडीतून आलोय. राजापूरला येताय, ते कुठून?"

"म्हणजे... गाव आमचं आतमध्ये आहे जरा."

"जरा म्हणजे कुठे?"

"कुडशेत. तुम्हाला माहीत नसेल."

"कुडशेत मला माहीत नसेल? माझी आत्या दिलीय कुडशेतात! आंबेशिवणच्या रस्त्याला, अलीकडे सात किलोमीटर."

"अरे! तुम्ही आंबेशिवणचे? कालच आमच्याकडे होती पालखी. आज सकाळी तुमच्या हद्दीत गेली, आम्हीच पोचवली."

दोन्ही गावांना एकच देवी, हे देवदत्तला गुणाजींनी हलक्या आवाजात सांगितलं. मग फोनमध्ये विचारलं, "राजापूरपर्यंत कसे येणार होतात?"

"तीन रिक्षा सांगितल्यात. दोन आल्यात, एकाचा पत्ता नाही. आजीला मांडीवर घ्यावं लागणार असं दिसतंय. वाट लागलीय नुसती."

"आजीला खाली बसवा. गाडी तुमच्या दारात येते. आधी आम्हाला आंबेशिवणला सोडेल, येताना तुम्हाला उचलेल. चारचे साडेचार झाले तर चालेल?"

"काका, पाच वाजले तरी चालेल. दारात येणार असेल तर काय!"

आता राहिला नंदकुमार. त्याच्या होकाराशिवाय स्लिप बदलायची नाही, हे गुणाजींनीच त्याला कधीकाळी शिकवलं होतं. नंदकुमारने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फोनमधून काही क्षण नुसतं हसू ऐकू आलं.

"गुणाजीकाका, तुम्ही? मला तुम्ही एकदा तासभर उभं केलं होतं. का, तर मी स्लिपवर नुसतं 'अंधेरी' लिहिलं होतं. 'पूर्व की पश्चिम, मजला कुठला, लिफ्ट आहे का?' आठवतंय?"

"आठवतंय. काय बोलायचं ते बोलून घे."

"झालं बोलून. जा तुम्ही. वरचे किलोमीटर दोन्ही पार्ट्यांत वाटून लावतो, नियमाने. देवदत्तची झोप तेवढी बघा."

"ते मी बघतो."

गुणाजींनी देवदत्तचं पेन घेतलं. 'राजापूर' खोडलं नाही. त्याच्या पुढे आपल्या जुन्या, डावीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं : मार्गे कुडशेत, आंबेशिवण, मांडवकरवाडी, विहिरीपलीकडचं घर. दुसऱ्या स्लिपवर कुडशेत लिहिलं. दोन्हींवर वेळ टाकली आणि सही केली.

"बाय, पाय नीट घे," ते मागे वळून म्हणाले. "रस्ता खराब आहे."

"रस्ता कवा चांगला होता?" माणिकबाय म्हणाली.

सव्वातीनला गाडी विहिरीपाशी थांबली. तिथून अंगणापर्यंत जांभ्या दगडाच्या अठरा पायऱ्या. मधुकरने प्लास्टिकची खुर्ची आणली. सुयोग एका बाजूला, देवदत्त न सांगता दुसऱ्या बाजूला, आणि माणिकबाय खुर्चीत बसून अठरा पायऱ्या चढली. चढताना ती दोघांना सूचना देत होती. अंगण सारवलेलं होतं. तिने आधी सारवणाकडे बघितलं, मग मधुकरच्या बायकोकडे. "चांगलं सारवलंयस हां," ती म्हणाली, आणि मधुकरची बायको, पन्नाशीची बाई, शाळेतल्या मुलीसारखी खूश झाली.

देवदत्तला गुणाजींनी हात धरून पडवीत नेलं, चटई टाकून दिली आणि सांगितलं, "चाळीस मिनिटं. चार वाजून पाच मिनिटांनी मी उठवतो. त्याआधी उठलास तर चहा मिळणार नाही." तो पडल्या पडल्या झोपला. चार पाचला त्याला उठवलं, चहा-पोहे दिले आणि गाडी कुडशेतकडे वळताना दिसेपर्यंत गुणाजी विहिरीपाशी उभे राहिले. साडेचारला यज्ञेशचा फोन आला: गाडी दारात आली, आजी पुढच्या सीटवर बसली. त्यानंतरच गुणाजींनी अंगावरचा शर्ट बदलला.

पाच वाजून वीस मिनिटांनी वरच्या घराकडून ढोल वाजत खाली येऊ लागला. अंगणात गर्दी झाली. भोयांनी पालखी खांद्यावर नाचवली, दोन फेऱ्या घेतल्या आणि तुळशीसमोर आणली. ओटी भरायला बाई उभी असते आणि पालखी कमरेच्या उंचीवर धरतात, ही रीत. माणिकबाय खुर्चीतून उठायला गेली. पुढच्या भोयाने ते पाहिलं आणि गुडघे वाकवले. मागच्यानेही वाकवले. देवी खुर्चीच्या उंचीला आली.

माणिकबायने खण ठेवला, तांदूळ ठेवले, नारळ ठेवला. हळदकुंकू वाहिलं. तिचे हात नेहमीसारखे चालत होते, ना सावकाश ना घाईने. भोयांच्या मांड्या थरथरायला लागल्या तरी तिने एकही गोष्ट गाळली नाही.

मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं. घरातल्या माणसांची नावं त्याने गुणाजींना विचारून घेतली होती. "जे जोगेश्वरीस हायत, जे बोरीवलीस हायत, जे कामाधंद्यानिमित्त जिथं जिथं असतील, त्यांका सुखी ठेव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं अंगण म्हणालं. त्यात गुणाजींचा आवाज जरा मोठाच होता.

पालखी खालच्या घराकडे निघाली. ढोल लांब जाईपर्यंत माणिकबाय त्या दिशेला बघत राहिली. मग तिने भावाला हाक मारली.

"गुण्या, मला आत नको नेऊस इतक्यात. इथंच बसते. आणि चहा सांग कोणाला तरी. साखर घालून. सुयोगला बोलू नको."

गुणाजी चहा सांगायला आत गेले.